काचेआडचं बोलणं

सोमवार, ४ ऑक्टोबर, दुपार

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस आणि तरी फाडून टाकलं नाहीस, म्हणजे तब्येत बरी आहे असं धरून चालते. लगेच हुरळून जाऊ नकोस. मी समेट करायला लिहीत नाहीये. मला कुणाशी तरी बोलायचंय आणि डॉक्टरांनी माझं तोंड बंद केलंय, एवढंच पत्रास कारण.

घसा बसलाय. उन्हाळ्यात बसला तो उठायचं नावच घेईना. आपल्या गिरणीतली कापसाची धूळ इतक्या वर्षांनी भेटायला आली असेल. डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं, एक बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि सांगितलं, रिपोर्ट येईपर्यंत बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. मला. जिला टकळी हे नाव तूच दिलंस, तिला. मास्तरांना मी पाटीवर लिहून दाखवते. भूक लागली. पाय दुखले. तो शर्ट नको, दुसरा घाला. राग मात्र लिहिता येत नाही गं. लिहून होईपर्यंत निघून जातो. फोनवरून तुला चार ओळी धाडता आल्या असत्या, पण फोन एकच, तो मास्तरांच्या खिशात, आणि त्यांनी आधी वाचल्या असत्या.

आम्ही सुट्टीवर आलोय. तुझ्या भुवया वर गेल्या असणार. माझ्याही गेल्या होत्या. जो नवरा अंगात ताप असला तरी शिवणाच्या दुकानाला कुलूप लावत नाही, तो परवा जेवता जेवता म्हणाला, "चल, तो रस्ता पाहून येऊ." तो म्हणजे तोच, ज्याचं चित्र गिरणीच्या कॅन्टीनमध्ये लावलेलं होतं आणि ज्याच्यासमोर डबा खायला तू मला रोज ओढत न्यायचीस. चार रांगा झाडांच्या, मधून गाड्या, आणि दोन्हीकडे माणसं नुसती चालायचं म्हणून चालतायत. स्टेशनपासून सुरू होतो तो थेट पलीकडच्या टोकाला मोठ्या कमानीपाशी संपतो. मास्तर म्हणतात, एका दमात नको, रोज थोडा थोडा पायी पाहू, शुक्रवारी कमान गाठू.

आज पहिला तुकडा झाला. झाडांची सालं सोलून निघालेली, बुंधे ठिपक्याठिपक्यांचे. फरसबंदी एवढी रुंद की आपली गिरणीतली अख्खी पाळी शेजारी शेजारी चालली असती आणि तरी कुणाचा कुणाला धक्का लागला नसता. दिव्यांचे खांब लोखंडी, नक्षीचे, आणि प्रत्येकाच्या पायाशी बसायला दगडी कठडा. लोक माना वर करून सज्जे आणि घुमट बघतात. मास्तर खाली बघतात. "तो पाहिलास, करड्या पँटवाला? पायाशी वीतभर कापड सोडलंय. शिंप्यानं झोप काढलीय." जन्मभर पँटी शिवल्या, आता जगप्रसिद्ध रस्त्यावर येऊनही पँटीच बघतायत. मी पाटीवर लिहिलं, 'वर बघा.' त्यांनी आज्ञाधारकपणे वर पाहिलं आणि खांबावर आदळले.

तू त्यांना शेवटचं पाहिलंस ते दुकान उघडलं त्या दिवशी. तेव्हाचं मी काही विसरलेले नाही, हे आत्ताच लिहून टाकते. खोली माणसांनी भरलेली. मास्तर आभार मानायला उभे राहिले, दोन वाक्यं बोलले, घाम फुटला आणि खाली बसले. तू खोलीच्या त्या टोकाला, मी ह्या. मागांच्या खडखडाटात आपण बोलायचो तशी तू नुसत्या ओठांनी म्हणालीस, "हा माणूस वेळ आली की पळून जाईल." मीही ओठांनीच म्हटलं, "मग त्याच्या आधी तू जा." तू कप ठेवलास आणि गेलीस. भरल्या खोलीत कुणाला काही ऐकू गेलं नाही. मास्तर आजही समजतात की तुला चहा आवडला नाही.

बाकी ठीक. भीतीबिती काही नाही. रिपोर्ट येईल तेव्हा येईल. उत्तर लिहायची तसदी घेऊ नकोस.

टकळी

मंगळवार, ५ ऑक्टोबर, संध्याकाळ

ताई,

कालचं पत्र टपालपेटीत पडलंय, नाहीतर शेवटच्या चार ओळी खोडल्या असत्या.

आजचा तुकडा नाटकगृहापासून पुढचा. एका बाकावर बसून मी कबुतरं बघत होते, मास्तर पँटी बघत होते. त्यांचा फोन वाजला. त्यांनी नंबर पाहिला, मला हातानं 'बस इथंच' अशी खूण केली आणि समोरच्या टोप्यांच्या दुकानात शिरले. मला वाटलं, गाड्यांच्या आवाजात ऐकू येत नसेल. दुकानाला ही एवढी मोठी काच. काचेमागं मांडून ठेवलेल्या टोप्या आणि त्यांच्यामधे मास्तर, माझ्याकडे तोंड करून. बाकावर मी एकटी, मला काही झालं तर दिसायला हवं ना. त्यांनी पाठ केली असती तर आज मला जेवण गेलं असतं.

तुला सांगायला नको, मी मुद्दाम काही वाचत नाही. डोळेच वाचतात. परक्या माणसाचं आता धड कळतही नाही, पण मास्तरांचे ओठ मी इतकी वर्षं ताटासमोर बघतेय.

ते म्हणाले, "नाही, तिला काही माहीत नाही."

पहिला विचार काय आला असेल सांग. बाई. हसू नकोस. ह्या वयात, ह्या पोटाला कोण बाई भुलणार, पण आला खरा. तोच विचार खरा निघाला असता तर बरं झालं असतं. मी झिंज्या उपटून मोकळी झाले असते.

मग ते म्हणाले, "रिपोर्ट माझ्या खिशात आहे. निघायच्या आदल्या दिवशी आला."

तेवढ्यात एक बाई टोपी घालून आरशात मुरडत मधे आली. मी बाकावरून सरकले, मान वाकडी केली, तरी तिची पाठच दिसत होती. ती हलली तेव्हा मास्तर सांगत होते, "जीव वाचेल म्हणतात. पण स्वरयंत्र काढावं लागेल, पूर्ण. आवाज राहणार नाही." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. मास्तरांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "नाही. अजिबात नाही."

 समोरून लोक जात होते, आइस्क्रीम खात होते, फोटो काढत होते. माझ्या घशात जे काही होतं ते मला पहिल्यांदाच जाणवलं, तिथं कुणीतरी बसलंय आणि मला ते आजवर कळलंच नाही, असं. मी थुंकी गिळली. परत गिळली. गिळताना दुखतंय का ते बघत राहिले.

मास्तर बाहेर आले ते हातात टोपी घेऊन. दुकानात शिरून नुसतं फोनवर बोलायचं म्हणजे त्यांना कसंतरीच झालं असणार. "कापडवाल्याचा फोन होता," म्हणाले आणि टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. ती भुवयांपर्यंत खाली आली. नुसत्या नजरेनं कंबर मोजणारा माणूस, आणि बायकोच्या डोक्याचं माप चुकला. मी पाटीवर लिहिलं, 'छान आहे.' आणि हसले.

मी का नाही सांगितलं की मला कळलंय? सांगितलं की ते रडतील. आणि ते रडले की ते खरं होईल. आज तरी ते त्यांच्या खिशात आहे, तिथंच असू दे. फोनवर कोण होतं हे मला माहीत नाही, कापडवाला नव्हता एवढं नक्की.

हे पत्र टाकत नाही. पाकिटात घालून ठेवते.

बुधवार, ६ ऑक्टोबर, दुपार

ताई,

मुकी माणसं कशी राहतात ते आज बघायचं ठरवलं. पाटी मुद्दाम खोलीवर ठेवली.

फरसबंदीवर खुर्च्या मांडलेल्या कॉफीच्या दुकानात बसलो. वेटर आला. मी बोटानं दाखवलं, हे आणि ते. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या डोक्यावरून मास्तरांना विचारलं, "बाईंना काय देऊ?" जसं काही मी गाठोडं आहे आणि ते मास्तरांनी खुर्चीवर ठेवलंय. मास्तर म्हणाले, "कॉफी, साखर नको." मला साखर हवी होती. एवढी साधी गोष्ट, पण मी मान हलवत बसले आणि तोवर वेटर गेला. कडू कॉफी मुकाट्यानं प्यायले. हे असं रोज होईल.

पण मला सांगायचंय ते वेगळंच.

कारंज्याच्या चौकात आम्ही रस्ता ओलांडत होतो. किती रुंद आहे म्हणून सांगू, अर्ध्यावर थांबायला मधे दगडी ओटा केलाय. मास्तर पुढे, मी मागे. त्यांची नजर कुणाच्या तरी पँटवर, मी येतेय का ते त्यांनी पाहिलंच नाही. ते पार गेले, सिग्नल बदलला आणि मी मधल्या ओट्यावर अडकले. दोन्हीकडून गाड्या सुटल्या. पलीकडे पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, मी शेजारी नाही. वळले, मी दिसले, आणि हा माणूस मला घ्यायला म्हणून सरळ रस्त्यात उतरला. इकडे बघितलं नाही, तिकडे बघितलं नाही. वळणावरून मोटरसायकल येत होती, जोरात.

मी ओरडले. म्हणजे तोंड उघडलं, पोटापासून जोर लावला. टायरमधली हवा निघावी तसं नुसतं फुस्स झालं. ताई, माझा नवरा मरतोय हे मला दिसत होतं आणि मला त्याला हाक मारता येत नव्हती.

फुलं विकणारी एक बाई होती, तिनं त्यांची कॉलर धरून मागं ओढलं. मोटरसायकल त्यांच्या कोटाला घासून गेली. गाडीवरचा पोरगा शिव्या देत गेला, फुलवाल्या बाईनंही दिल्या. मास्तर तिचे आभार मानत उभे. आणि मी ओट्यावर बसले.

सिग्नल बदलेना. मी बसल्या जागेवरून त्यांना ओठांनी सांगितलं, अगदी सावकाश, नव्या मुलीला तू शिकवायचीस तसं, "तिथंच थांबा. हलू नका." ते म्हणाले, "काय?" मी परत म्हटलं, "थांबा." ते म्हणाले, "काय म्हणतेस?" आणि त्यांनी कानाला हात लावला. कानाला, ताई. मी हात पुढे करून 'थांबा' अशी खूण केली, तर त्यांना वाटलं बोलावतेय, आणि परत एक पाय खाली ठेवला. फुलवाल्या बाईनं परत धरलं.

तिथं त्या ओट्यावर बसून मला पुढचं सगळं दिसलं. दूध उतू जाईल, मी आत असेन, ते बाहेर. ते शिडीवर चढतील, शिडी हलेल. बाकी सगळं लिहून भागेल, कपडे, जेवण, भांडणसुद्धा. हाक लिहिता येत नाही. आणि मी ओठ हलवत राहीन आणि ते काय, काय करत राहतील, आणि एक दिवस दोघंही कंटाळू. मरायची भीती मला वाटली नव्हती असं नाही, काल वाटली. पण ही भीती मोठी आहे. त्यांच्यासमोर जिवंत बसून एकटं पडायची.

माझ्या ओठांवरचं वाचू शकेल असं जगात एकच माणूस आहे आणि त्याला मी सोमवारी लिहिलंय की उत्तर लिहायची तसदी घेऊ नकोस. शाबास टकळे.

गुरुवार, ७ ऑक्टोबर, दुपार

ताई,

तू होतीस. कापडवाला तू होतीस.

आज मास्तरांनी स्वतः फोन लावला. मला एका पुस्तकांच्या दुकानाच्या पायरीवर बसवलं, "पाणी घेऊन येतो" म्हणाले आणि शेजारच्या कॉफीच्या दुकानात शिरून काचेशी उभे राहिले, नेहमीसारखे, माझ्याकडे तोंड करून. मी टोपी पुढे ओढली. ती मोठी आहे त्याचा हा एक फायदा, आतून बघता येतं.

पहिलाच शब्द 'ताई'. मला वाटलं मी चुकले. मास्तर कुणाकुणाला ताई म्हणतात. पण मग ते म्हणाले, "दोघी गिरणीत ओठांनी बोलायचात ना, ते मला शिकवाल का? काल ती रस्त्यात मला काहीतरी सांगत होती आणि मी बैलासारखा बघत राहिलो."

मग म्हणाले, "ऑपरेशन सोळा तारखेला आहे. त्याच्या आधी आलात तर तिलाही बरं वाटेल. नंतर कुणाशी बोलणार ती? तुम्हीच आहात. दुसरं कुणी नाही."

तुझा नंबर त्यांना कुठं मिळाला तेही मला माहीत आहे. कपाटाच्या दाराला आतून मीच खडूनं लिहून ठेवलाय. कधी लावला नाही, पण पुसलाही नाही. दर वेळी फडकं मारताना तेवढी जागा सोडते. निघायच्या आधी त्यांनी तुला लावला असणार, मंगळवारी तू उलट केलास.

मला आधी राग आला, खोटं कशाला बोलू. माझं दुखणं माझ्या आधी तुला कळलं. मंगळवारी तू फोनवर ऐकत होतीस आणि मी इकडे बाकावर कबुतरं बघत होते. पण राग फार वेळ पुरला नाही, कारण त्यानंतर मास्तर ऐकायला लागले. नुसते ऐकत होते. तू बोलत होतीस आणि तुझं तोंड मला दिसत नव्हतं. ताई, आजवर मला कधी असं झालं नव्हतं, की तू बोलतेयस आणि मला कळत नाहीये. मी त्यांच्या चेहऱ्यावरून शोधत राहिले. त्यांनी मान हलवली. भिंतीकडे पाहिलं. खिडकीच्या पडद्याची शिवण बोटानं चाचपली. त्यांना काही सुचेनासं झालं की ते शिवण चाचपतात. मग म्हणाले, "ते मी कसं सांगू? मला खरंच माहीत नाही." आणि जरा वेळानं, "बरं. बरं ताई." फोन खिशात घातला आणि तिथंच उभे राहिले. पाणी आणायचं विसरून गेले.

तू नाही म्हणालीस. मला तेच दिसलं. माझं सोमवारचं पत्र तुला मिळालं असणार. 'समेट करायला लिहीत नाहीये.' 'भीतीबिती काही नाही.' असं पत्र वाचून कोण कशाला येईल? मी आले नसते.

मास्तर बाहेर आले आणि म्हणाले, "पाणी गार नव्हतं." मी मान हलवली. मग आम्ही पुढे चालत गेलो. ह्या बाजूला झाडं जुनी आहेत, फांद्या वरती एकमेकींत गेल्यात, भर दुपारी खाली अंधार. मला तिथं धाप लागली. श्वास घशाशी अडतोय असं वाटायला लागलं. मी मास्तरांचा कोट मुठीत धरला आणि सोडला नाही. त्यांनी विचारलं नाही का म्हणून. ते प्रत्येक दिव्याच्या खांबापाशी थांबत होते, तोंड उघडत होते, आणि "दमलीस का?" असं विचारून पुढे चालत होते.

शुक्रवार, ८ ऑक्टोबर, दुपार

ताई,

हे मी कमानीखाली बसून लिहितेय. मास्तर शेजारी आहेत. मंगळवारपासूनची सगळी पत्रं आजच टाकणार, एकाच जाड पाकिटात. तारीखवार वाच आणि मधलं काही गाळू नकोस.

सकाळी निघालो तेव्हा माझं ठरलेलं काहीच नव्हतं. कमान लांबून दिसायला लागली तशी माझी पावलं जड होत गेली. कमान आली की सुट्टी संपली, सुट्टी संपली की घर, घर आलं की सोळा तारीख. मास्तरही हळू चालत होते. पँटीसुद्धा बघत नव्हते. शेवटच्या खांबापाशी ते थांबले आणि म्हणाले, "दमलीस का?"

मी पाटी काढली. खडू हातात घेतला. आणि मला एकदम वाटलं, हा आवाज मी जपून ठेवतेय तो कुणासाठी? सोळा तारखेला तो काढूनच टाकायचाय. मी पाटी परत पिशवीत टाकली आणि बोलले.

"मला माहीत आहे," मी म्हटलं. आवाज असा निघाला की शेजारून जाणारी बाई वळून बघायला लागली. मलाच ओळखू आला नाही.

मास्तर म्हणाले, "अगं, बोलू नकोस, डॉक्टरांनी..."

"रिपोर्ट तुमच्या खिशात आहे. आवाज राहणार नाही. सोळा तारीख."

त्यांचा हात आपसूक खिशाकडे गेला. मग म्हणाले, "कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. टोप्यांच्या दुकानातून."

त्यांना समजायला वेळ लागला. मग कपाळाला हात लावून म्हणाले, "मला वाटलं, काचेतून काय ऐकू जाणार." बघ ह्या माणसाचं. बायको गिरणीत कानावर कधी विसंबली नाही हे त्याला पुरतं माहीत, आणि लपवलं ते कानांपासून.

खांबाच्या कठड्यावर बसून त्यांनी आतल्या खिशातून कागद काढला. घडीवर घडी घालून एवढासा केलेला, कडा झिजलेल्या. म्हणाले, "रोज सकाळी ठरवायचो, पुढच्या खांबापाशी सांगू. खांब आला की वाटायचं, ही आत्ता बरी चालतेय, हसतेय, आणखी एक खांब जाऊ दे. असे करत करत सगळे खांब संपले." आणि मग रडले. मला ज्याची भीती होती ते झालं, भर रस्त्यात, आणि मी त्यांचं डोकं धरून बसले. काही कोसळलं नाही. एका माणसानं आमचा फोटो काढला, तेवढंच.

मग मी विचारलं, मला ते विचारल्याशिवाय राहवत नव्हतं, "ताई नाही म्हणाली ना?"

"नाही कुठं म्हणाल्या," ते म्हणाले. "म्हणाल्या, तिनं बोलावलं तर आत्ता निघते. पण ती मला दारात तरी उभी करेल का, ते मला खरं खरं सांगा. आता ते मी कसं सांगू? तुमचं काय झालं होतं हेच मला माहीत नाही. चहाचंच होतं ना?"

मी त्यांना सांगितलं, ताई. तू काय म्हणालीस ते, शब्दन् शब्द. मला वाटलं त्यांना लागेल. ते बराच वेळ कागदाची घडी घालत बसले, उलगडत बसले. मग म्हणाले, "बरोबरच म्हणाल्या की. रिपोर्ट हातात पडला आणि मी पळालोच. दुकान बंद करून पार इथपर्यंत पळालो."

मी काही बोलणार तेवढ्यात म्हणाले, "फक्त तुला बरोबर घेतलं."

तर तुझं म्हणणं अर्धं खरं ठरलं. अर्ध्याचं श्रेय घे, बाकीच्या अर्ध्याचं मी बघून घेईन.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ते मास्तरांकडून फोनवर पाठवता आलं असतं, ते आत्ता फोन हातात घेऊनच बसलेत. मी नको म्हटलं. तू मला विचारलंस, मीच सांगणार.

मला भीती वाटतेय. सोमवारी लिहिलं ते साफ खोटं होतं. ऑपरेशनची वाटतेय, घशाला भोक पडेल त्याची वाटतेय, आरशाची वाटतेय. मास्तर काय, काय करत राहतील त्याची सगळ्यात जास्त. तू त्यांना शिकव, ते शिकतील, चिवट माणूस आहे. पण ते नंतरचं. ते सोळा तारखेनंतर कधीही शिकवता येईल, तेव्हा काय, वेळच वेळ आहे.

सोळाच्या आधी ये ते माझ्यासाठी. त्या दिवशी आपण नुसत्या ओठांनी भांडलो, आवाज न करता, आणि म्हणून ते भांडण कधी संपलंच नाही. मला तुझ्याशी एकदा मोठ्यानं भांडायचंय, शेजारीपाजारी दारं उघडून बघतील इतक्या मोठ्यानं. आवाज फाटका आहे, पण माझा आहे. तो आहे तोवर ये.